एक पेला जास्त

वकील काही खरा वकील नाही. आमच्या प्रयोगशाळेत तो लोखंडाचे तुकडे कापतो, घासून घासून आरशासारखे करतो आणि माझ्यापुढे आणून ठेवतो. पण कुठल्याही गोष्टीला फाटे फोडायची त्याला इतकी हौस, की पहिल्याच आठवड्यात हे नाव पडलं आणि चिकटलं. तर हा वकील त्या दुपारी डबा संपवून बोटं चाटत मला म्हणाला, "राग मानू नका हं बाई, पण सगळ्या धर्मांत तुमचाच जास्त कडक. एकच देव, एकच पुस्तक, एकच दार. त्या दारातून आलात तर आलात, नाहीतर गेलात आगीत! आमचं बघा कसं मोकळंढाकळं. या, बसा, कुणीही या." एरवी मी त्याला असा सरळ केला असता की संध्याकाळपर्यंत तोंड उघडलं नसतं. माझ्या जिभेची ख्याती आहे तिथे. पण त्या दिवशी मी डबा बंद केला. "हात धू आधी," एवढं म्हणाले आणि उठले. त्याला वाटलं असणार, बाईंना लागलं. लागलं होतंच, पण त्यात त्याचा दोष नव्हता. त्याचं बोलणं नेमकं दुखऱ्या जागेवर येऊन पडलं होतं, आणि ती जागा त्याच सकाळी आईने उघडी केली होती.

सकाळी मी तिला गोळ्या देत होते. आधी पांढरी, मग अर्धी पिवळी. आई एकोणऐंशीची. मागच्या महिन्यात डॉक्टरांनी तिच्या हृदयाची झडप पार झिजल्याचं सांगितलं आणि या वयात चिरफाड नको म्हणाले. "जपा," म्हणाले. किती दिवस जपायचं ते मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. तर गोळी गिळून, भांडं खाली ठेवत आई म्हणाली, "या वेळच्या प्रभुभोजनाला मला घ्यायचंय गं." भाजी संपली आहे असं सांगावं तसं सांगितलं तिने. माझ्या हातातली गोळ्यांची डबी तशीच राहिली. आमच्या चर्चमध्ये तीन महिन्यांतून एका रविवारी प्रभुभोजन असतं. भाकरीचा एकेक तुकडा आणि द्राक्षरसाचा एकेक चिमुकला काचेचा पेला, सगळ्यांना. सगळ्यांना म्हणजे माझी आई सोडून सगळ्यांना. चौतीस वर्षं ती शेवटच्या बाकावर बसते, आणि पेल्यांचं तबक तिच्या पुढच्या बाकापाशी येऊन मागे फिरतं. चौतीस वर्षांत त्याबद्दल तिने कधी ब्र काढला नव्हता. मला तर वाटायचं तिला त्याचं काही वाटतच नाही. आपल्याला सोयीचं असतं ते वाटतं माणसाला.

दुपारनंतर मी यंत्रापाशी बसले. माझं काम सोपं आहे, सांगायला. तुकडा ठेवायचा, वरून हिऱ्याचं टोक टेकवायचं, वजन सोडायचं, पंधरा आकडे मोजायचे, वजन उचलायचं, आणि मग भिंगातून बघायचं की खळगा केवढा पडला. खळगा मोठा तर लोखंड मऊ, खळगा लहान तर कडक. सव्वीस वर्षं हेच करते आहे. तेलाचा आणि घासलेल्या लोखंडाचा वास माझ्या केसांतून कधी जात नाही. लग्न झालं असतं तर नवऱ्याने तक्रार केली असती. पंधरा आकडे मोजताना माझं मन कुठेही भटकून येतं, पण आकडा चुकत नाही. त्या दिवशी चुकला. सात म्हणाले आणि मला आजोळच्या घराची पायरी दिसली. लाल दगडाची, मधोमध झिजलेली. आई त्या पायरीवर बसलेली, मी तिच्या शेजारी, आणि वरून आजी तिच्या कपात चहा ओतते आहे. कप बाहेरच्या खिळ्याला टांगलेला असायचा. तो आईचा कप. घरात त्याला जागा नव्हती, कारण आईने माझ्या बाबांशी लग्न केलं, बाप्तिस्मा घेतला, आणि त्या दिवसापासून तिची हद्द पायरी. कुणी शिवी दिली नाही, कुणी ओरडलं नाही. आजी तर हसून विचारायची, "साखर पुरे ना?" मामा, आईचा धाकटा भाऊ, तेवढा आपला कप घेऊन बाहेर यायचा आणि पायरीवर आईला चिकटून बसायचा. आजी आतून हाक मारायची, "अरे, आत बस की." तो म्हणायचा, "आत उकडतंय." थंडीतसुद्धा उकडायचं त्याला. या, बसा, कुणीही या, म्हणे! वकिलाला दाखवायला हवी होती ती पायरी.

पण मग लगेच दुसरं मन म्हणालं, आणि शेवटचा बाक कुणाच्या घरचा? तो तर आपल्याच घरचा. त्याचं असं झालं. मी सतरा वर्षांची होते. आजोबांचं शेवटचं आलं. ज्या बापाने बावीस वर्षं लेकीला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही, त्याने मरताना पाणी मागितलं ते तिच्याच हातचं. मामा धावत येऊन तिला घेऊन गेला, हात धरून पायरीवरून, ओटीवरून, थेट आतल्या खोलीत, आणि कुणाची अडवायची छाती झाली नाही. आईने पाणी पाजलं. म्हातारा गेला. मग पुरोहित आला, आणि जे शब्द लेकरांनी म्हणायचे असतात ते मामाच्या तोंडून फुटेनात, तो हुंदकेच देत होता. तर आई त्याच्या शेजारी उभी राहिली आणि त्याच्यासोबत एकेक शब्द म्हणत गेली. त्यांच्या देवाचं नाव, त्यांच्या रीतीने, पहिल्यापासून शेवटपर्यंत. हे आमच्या चर्चमध्ये कळायला दोन दिवसही लागले नाहीत. पंचांची बैठक बसली. पाच पंच, त्यातले माझे बाबा चिटणीस. ठराव झाला: बाईने दुसऱ्या देवाचं नाव घेतलं, सबब तीन महिने शिस्त. तीन महिने मागचा बाक, प्रभुभोजन नाही. मुदत संपली की मंडळीपुढे उभं राहून एक वाक्य म्हणायचं, 'मला पश्चात्ताप आहे', की झालं, पुन्हा पुढे. हा ठराव कागदावर उतरवला माझ्या बाबांनी. त्या संध्याकाळी ते घरी आले आणि बुटाची नाडी सोडत बसले, ती सुटेचना. आईने खाली वाकून ती सोडली आणि विचारलं, "अक्षर तरी नीट काढलंत ना?" बाबा जेवले नाहीत. आई जेवली. तीन महिने संपले, पाळकसाहेबांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, मंडळीपुढे विचारलं, आई उठलीच नाही. पुढच्या खेपेला विचारलं, नाही उठली. मग विचारणं बंद झालं. तिला बोलवावं असं त्यांना वाटलं नाही, आणि बापाला पाणी पाजल्याचा पश्चात्ताप होतो असं खोटं बोलावं असं तिला वाटलं नाही. तीन महिन्यांची चौतीस वर्षं झाली ती अशी. आणि आजोळी? ज्या हातचं पाणी घेतलं तो हात वर्षश्राद्धाला पुन्हा पायरीवरच. एकीकडे ती गेली म्हणून शिक्षा, दुसरीकडे परत आली म्हणून शिक्षा. एकाच गोष्टीची दोन्हीकडून. वकिला, घाल आता फाटे!

दुसऱ्या दिवशी मी पाळकसाहेबांकडे गेले. हे नवे, पोरसवदा, माझ्याहून वीस वर्षांनी लहान. मला ताई म्हणतात. त्यांच्या खोलीत खुर्च्यांवर गाण्यांच्या वह्यांचे ढीग, बसायला जागा नाही, म्हणून आम्ही दोघं उभ्यानेच बोललो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, डोळे पुसले, आणि म्हणाले, "ताई, माझं म्हणाल तर आजच्या आज नेऊन देईन. पण पंच आहेत. ठराव उभा आहे. आईंनी एक वाक्य म्हणावं, बस. कुणी विचारणार नाही मनात काय आहे ते." मी म्हणाले, "देव विचारणार नाही का?" तर बिचारे खुर्चीवरच्या वह्या सारख्या करायला लागले. चांगला माणूस आहे, पण चांगल्या माणसांच्या हातून ठराव मोडत नाहीत. बाहेर पडताना मनाशी म्हटलं, वकील बरोबरच बोलतो. आहेच आमचा कडक. तिकडे निदान पायरीवर चहा तरी मिळायचा. इकडे एका शब्दासाठी एका म्हातारीला घोटभर रस मिळेना. मला इतका संताप आला की चर्चच्या मागच्या आवारातल्या अंजिराच्या झाडाला मी चालता चालता एक थप्पड मारली. झाडाने काय केलं होतं? पण हाताला ते लागलं म्हणून मारलं.

आईशी भांडले तेही त्याच संतापात. "म्हण ना एकदा! तीन शब्द! मनात बोटं मोडत म्हण, पण म्हण!" ती शेंगा सोलत होती. तिने मान वर केली नाही. "खोटं बोलून घेऊ? मग त्यापेक्षा दुकानातून बाटली आण, घरी पिते." "मग तुला घ्यायचंय तरी का ते? ज्यांनी तुला चौतीस वर्षं..." आई म्हणाली, "ज्यांनी बसवलं त्यांच्यासाठी थोडंच घ्यायचंय? ज्याने ते मांडलं त्याच्यासाठी घ्यायचंय. घर त्याचं आहे, पंचांच्या काकाचं नाही." मग बराच वेळ शेंगा सोलल्यावर ती म्हणाली, "राहू दे गं. आजवर राहिलं तसं राहील." आणि तिचा श्वास लागला. नुसतं एवढं बोलून तिला श्वास लागला. मी पाठीवरून हात फिरवत राहिले. त्या पाठीचा एकेक मणका हाताला लागत होता, आणि मी मोजत होते, सवयीने, पंधरापर्यंत.

तेव्हाच्या पाच पंचांपैकी आता उरला होता एकच. घड्याळकाका. बाजाराच्या कोपऱ्यावर त्यांचं घड्याळं दुरुस्त करायचं दुकान. ब्याऐंशी वर्षं वय, अजून हात कापत नाही. प्रवचन पाच मिनिटं लांबलं की हे मनगट वर करून बघणार, आणि पाळक घाम पुसणार. चर्चमध्ये कुणी पोर कुजबुजलं तरी हे मान वळवायचे आणि त्या पोराची वाचा बसायची. आमच्या धर्मातला सगळा कडकपणा एका माणसात ओतून उभा करायचा तर घड्याळकाका. लहानपणी मला वाटायचं, देव दिसायला असाच असणार. शनिवारी दुपारी मी त्यांच्या दुकानात शिरले. डोळ्याला भिंग लावून ते एका बारक्या घड्याळाच्या पोटात बघत होते. भिंतीवरची सगळी घड्याळं वेगवेगळी वेळ दाखवत टिकटिकत होती. मी उभ्या उभ्या सुरू केलं. काय काय बोलले ते आता आठवत नाही. तुमचे ठराव म्हणाले, तुमचे बाक म्हणाले, तिचे किती दिवस राहिलेत त्याचं तुम्हांला काही आहे का म्हणाले. सगळ्या जगात तुमच्यासारखी दगडाची माणसं नसतील, हेही म्हणाले. माझा आवाज इतका चढला की शेजारचा चपलांचा दुकानदार डोकावून गेला. घड्याळकाकांनी भिंग काढलं नाही. चिमट्यातलं चाक जागेवर बसवलं, आणि मग म्हणाले, "झालं तुझं?" "नाही झालं!" "मग होऊ दे." पण माझं झालं होतं.

"पेले कोण धुतं?" त्यांनी विचारलं. मला प्रश्नच कळला नाही. "प्रभुभोजनाचे पेले गं. उपासना संपल्यावर मागच्या नळावर कोण धुतं?" "आई." ते तर जगजाहीर होतं. शेवटच्या बाकावर बसणारी बाई सगळ्यांत आधी बाहेर पडते, म्हणून तबकं तिच्याकडे. मी सतरा वर्षांची असल्यापासून बघत आले होते. एकशे वीस पेले, अंगठ्याएवढे, ती एकेक धुऊन फडक्यावर उलटा मांडायची. "त्यातला एक भरलेला असतो," घड्याळकाका म्हणाले. "दर वेळी. असतो की नाही?" असतो. मला आठवलं. आई म्हणायची, "बघ, यांनी पुन्हा एक जास्त भरला. मोजता येत नाही मेल्यांना." आणि तो पेला अंजिराच्या बुंध्याशी ओतायची. रस नाल्यात जाऊ नये, मातीत जावा, एवढी अदब ठेवून ओतायची. त्यांनी आता भिंग काढलं. डोळ्याभोवती त्याचं लाल कडं उमटलं होतं. "तुझा बाप भरायचा तो. ठराव लिहिला त्या महिन्यापासून. माणसं मोजायचा आणि एक पेला जास्त भरायचा. मी पकडलं त्याला. म्हटलं, हे काय? तर म्हणाला, तबक तिच्यापर्यंत न्यायचं नाही असा ठराव आहे. पेला तिच्या हातात पडू नये असं कुठे लिहिलंय? मीच तर लिहिलाय, मला माहीत आहे." त्यांनी भिंग फडक्याने पुसलं. "तो गेला त्याच्या आदल्या आठवड्यात मला बोलावून म्हणाला, आता तुम्ही भरा. बारा वर्षं मी भरतोय."

मी दुकानातल्या स्टुलावर बसले. "सांगितलं का नाही कुणी तिला?" "सांगितलं असतं तर ती उघड गोष्ट झाली असती. उघड झाली की पंच म्हणून मलाच तिच्या हातातून तो काढून घ्यावा लागला असता." जगातली सगळ्यांत साधी गोष्ट सांगावी तसं त्यांनी सांगितलं, आणि मग त्यांचा आवाज पहिल्यांदा वाकडा झाला. "आम्हांला वाटायचं, ती पिते. मागे नळावर, एकटी असताना. तुझा बाप तर शपथेवर सांगायचा, पित असणार. शिस्तीतल्या बाईने पेले धुऊ नयेत असा विषय दोनदा बैठकीत आला. दोन्ही वेळा मी हाणून पाडला. पिते ना ती?" मी त्यांना सांगितलं, झाडाला घालते. घड्याळकाकांनी हातातला चिमटा खाली ठेवला. मग म्हणाले, "सगळे?" मी म्हणाले, "सगळे."

त्या दोन चोरांचा विचार करत मी घरी चालत आले. बस सोडली, दुसरी सोडली, चालतच राहिले. बाबा माझे भित्रे होते असं मी आयुष्यभर धरून चालले होते. बायकोविरुद्ध ठराव लिहिणारा माणूस, दुसरं काय म्हणणार? आणि तो भित्रा माणूस बावीस वर्षं सगळ्या पंचांच्या नाकावर टिच्चून तबकात एक पेला जास्त भरत होता. मामाला थंडीत उकडायचं, तसंच हे. नियम करणारं घर आणि नियमाला हळूच भोक पाडणारं माणूस, दोन्हीकडे होतं. मग वकिलाला सांगायचं काय? तुझा कडक की माझा कडक? रस्त्यात मी एकटीच हसले. सव्वीस वर्षं मी जे यंत्र चालवते त्याची साधी गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. हिरा सगळीकडे हिराच असतो. मोजायचं असतं ते खाली ठेवलेल्याला. एवढं वजन दोन्ही बाजूंनी आईवर पडलं, आणि खळगा? भिंग लावून शोधावा लागेल. वजन खोटं होतं असं मी म्हणत नाही. बाक खरा होता, पायरी खरी होती, आणि ज्यांनी तिला तिथे बसवलं त्यांना मी माफ केलेलं नाही, करणारही नाही. पण ती हरली असं मला वाटत आलं होतं, ते साफ चूक होतं.

आईला सांगितलं तेव्हा वाटलं होतं, रडेल. ती चिडली! अशी चिडली की मला डॉक्टरांना फोन करावा की काय असं झालं. "बावीस वर्षं शेजारी झोपला मेला, एकदा तोंड उघडलं नाही! तोंड काय फक्त जेवायला दिलं होतं?" मग, "आणि तो घड्याळ्या! माझ्याकडे बघून मान सुद्धा हलवायचा नाही, आणि पेले भरतो!" मग ती बसली आणि बोटांवर हिशोब करायला लागली, वर्षाला चार, चौतीस वर्षं. ओठ हलत होते. "एकशे छत्तीस," ती म्हणाली. "एकशे छत्तीस पेले मी त्या झाडाला पाजले." भिंतीवर बाबांचा फोटो आहे. त्याच्याकडे तिने असं बघितलं, की तो माणूस फोटोत नसता तर बाहेर पळाला असता. रात्री ती जेवली नाही. बाबा ठरावाच्या संध्याकाळी जेवले नव्हते, त्याची भरपाई असावी. सकाळी उठून म्हणाली, "पुढच्या रविवारी, प्रभुभोजनाला, मामाला बोलाव. माझा हात धरायला कुणीतरी हवं, तुझा हात तेलकट असतो."

मामा आला. सत्त्याहत्तर वर्षांचा, इस्त्रीचा सदरा घालून. चर्चच्या दारात तो अडखळला आणि मला हळूच म्हणाला, "मी इथे बाहेर पायरीवर बसलो तर चालेल ना?" आईने त्याचा हात असा ओढला की तो आतच आला. शेवटच्या बाकावर तिघं बसलो. गाणी झाली, वाचन झालं, प्रवचन झालं. घड्याळकाका पहिल्या बाकावर, पाठ ताठ. पांढऱ्या कापडावर तबकं मांडली होती; एवढ्या लांबून पेल्यांच्या कडा तेवढ्या चमकत होत्या. पाळकसाहेबांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, "मंडळीपुढे कुणाला काही सांगायचं आहे?" हे दर वेळी विचारतात आणि कुणीच काही सांगत नाही. आई उठली. पुढच्या बाकाला धरून, एका दमात नाही, दोन दमांत. सगळी मंडळी मागे वळली. बाकांचा करकर आवाज झाला.

"मला पश्चात्ताप आहे," आई म्हणाली.

हरली, माझ्या मनात आलं. शेवटच्या घटकेला हरली, एका घोटासाठी, आणि मीच तिला या थराला आणलं. पाळकसाहेबांचा चेहरा उजळला, त्यांनी तोंड उघडलं, पण आईने हात वर करून त्यांना थांबवलं. "थांबा, झालेलं नाही माझं. बापाच्या तोंडात पाणी घातलं, त्याचा नाही. त्याच्यासाठी जे शब्द म्हटले, त्यांचाही नाही. आज मेला तर आज पुन्हा म्हणेन." मामाने मान खाली घातली. आई श्वास घ्यायला थांबली. "पश्चात्ताप आहे तो असा, की या घराने माझ्या हातात एकशे छत्तीस वेळा भरला पेला ठेवला, आणि मी मूर्ख बाई, नियम पाळत बसले. एकशे छत्तीस वेळा तो मातीत ओतला. त्याची मला क्षमा मागायची आहे. ज्याने भरला त्याची, आणि ज्याच्या नावाने भरला त्याची. आता झालं माझं."

ती बसली नाही. उभीच राहिली. आणि पाळकसाहेब, बिचारे, कागदावरचं वाक्य मिळालं होतं, शब्दन् शब्द तेच, 'मला पश्चात्ताप आहे', पण त्याचं आता करायचं काय ते त्यांना कळेना. त्यांनी पहिल्या बाकाकडे पाहिलं. घड्याळकाका उठले. मनगट वर केलं नाही. सावकाश म्हणाले, "ठरावात लिहिलंय, बाईने पश्चात्ताप आहे म्हणावं. कशाचा, ते लिहिलेलं नाही. लिहिणाऱ्याला माहीत होतं." आणि त्यांनी स्वतः तबक उचललं. पाळकांच्या हाती दिलं नाही. ब्याऐंशी वर्षांचा तो माणूस दोन्ही हातांत तबक धरून मधल्या वाटेने निघाला, आणि पेले एकमेकांवर किणकिणत होते. पहिला बाक ओलांडला, दुसरा ओलांडला, मधले सगळे ओलांडले. जिथून तबक चौतीस वर्षं मागे फिरत आलं तो बाक आला, आणि तोही मागे पडला. त्या दिवशी सगळ्यांत आधी शेवटच्या बाकाला मिळालं. आईने तबकातला भाकरीचा तुकडा घेतला, चावला, पेला उचलला आणि डोकं मागे टाकून रिकामा केला. मग तो तळहातावर उलटा करून घड्याळकाकांना दाखवला. एक थेंब नाही. ते म्हणाले, "बघितलं." त्यांच्या दोन्ही डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि दोन्ही हात गुंतलेले, त्यामुळे पुसता येत नव्हतं. आईनेच पदराने पुसलं.

तेवढ्यात मामा मला ओलांडून पुढे वाकला आणि हळूच म्हणाला, "ताई, मला?" आई त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तुला कसं मिळेल? बाप्तिस्मा कुठे झालाय तुझा? बस तू पायरीवर." आणि अशी काही हसायला लागली दोघं, तोंडं दाबून, खांदे हलवत, की सगळा बाक गदगदला. मंडळी वळून बघत होती. घड्याळकाकांनी त्यांच्याकडे त्यांचा तो प्रसिद्ध कटाक्ष टाकायला हवा होता. टाकला नाही.

उपासना संपल्यावर आईला नळापाशी मी जाऊ दिलं नाही. ती अंजिराखाली खुर्चीवर बसली, मामा शेजारी खाली मुळावर. झाडावर त्या वर्षी अंजिरं लगडली होती, आईने एक तोडून मामाला दिलं आणि म्हणाली, "खा. तुझ्या वाटणीचं यातच गेलंय." पेले मी धुतले. एकशे वीस होते. एकेक उजेडात धरून बघितला आणि फडक्यावर उलटा मांडला. एकूण एक रिकामे होते.